कुटुंब एकच

तपासणीबाई : ...ते कळलं आजोबा. पण एकट्या माणसाला दोन उशा कशाला?

आजोबा : एक डोक्याखाली, एक पायाखाली. उभी हयात उभ्यानं काढली, त्यामुळे पाय सुजतात.

तपासणीबाई : आणि ताटं दोन?

आजोबा : एक घासलेलं, एक घासायचं.

तपासणीबाई : दोन्ही घासलेली दिसतायत.

आजोबा : आज जरा वेळ मिळाला.

तपासणीबाई : खिडकीत दोरीवर गाऊन वाळतोय.

आजोबा : गाऊन नव्हे हो, राणीचा पोशाख आहे तो. मी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो ना. रंगमंचावर नट वाक्य विसरला की विंगेत उभं राहून हळूच त्याला ते सांगायचं, हे माझं काम. कंपनी बुडाली तेव्हा शेवटच्या पगाराऐवजी आम्हाला कपडे वाटले.

तपासणीबाई : राणीच्या पोशाखावर बदकं?

आजोबा : विनोदी नाटक होतं.

तपासणीबाई : बरं. हे बघा, मी गृहमंडळाकडून आलेय. वर्षातून एकदा या वसाहतीतली प्रत्येक खोली बघायची असते. नळ गळतो का, भिंतीला ओल आहे का, आणि खोली ज्याच्या नावावर आहे तोच राहतो का. ही खोली एका माणसाची. तुम्ही एकटेच राहता ना?

आजोबा : एकटाच. मागं ना पुढं कुणी.

आतला आवाज : तीन झाल्या. गॅस बंद करा.

तपासणीबाई : कोण बोललं?

आजोबा : कुकर.

तपासणीबाई : कुकर बोलतो?

आजोबा : नवीन आहे.

तपासणीबाई : हं. इथं कधीपासून आहात?

आजोबा : इथं ना... ते आपलं...

आतला आवाज : मागच्या उन्हाळ्यापासून.

आजोबा : मागच्या उन्हाळ्यापासून.

तपासणीबाई : त्याआधी?

आजोबा : त्याआधी...

आतला आवाज : पीठगिरणीच्या मागं. अर्धं भाडं मंडळ भरत होतं.

आजोबा : पीठगिरणीच्या मागं. अर्धं भाडं तुमचं मंडळच भरत होतं, बाई. भाडे-मदत. मग मालकानं घर विकायला काढलं आणि आमचं... माझं, माझं नाव वसाहतीच्या यादीत आलं.

तपासणीबाई : आजोबा, तुमच्या कुकरची स्मरणशक्ती फार चांगली आहे.

आतला आवाज : पुरे झालं! येते मी बाहेर. गुडघे धरले माझे त्या ओट्याखाली बसून. नमस्कार बाई. मी कुकर.

आजोबा : अगं, तू शेजारी जाणार होतीस ना!

आजी : कशी जाऊ? शिवणवाली सकाळीच कापड आणायला गेली, दाराला हे एवढं कुलूप. आणि दुपारी यायच्या त्या या बाई सकाळच्या चहालाच उगवल्या. राग मानू नका हं, बाई.

तपासणीबाई : राग कसला. सकाळी आलं की खरं घर बघायला मिळतं. दुपारपर्यंत अर्धी वसाहत शेजारी गेलेली असते. तुम्ही कोण, आजी?

आजी : यांची बायको. दुसरी उशी माझी, दुसरं ताट माझं, आणि ती बदकंही माझीच. राणी म्हणे! जन्मात एकदा म्हणाले, तेही खोटं बोलताना.

तपासणीबाई : पण आमच्याकडे एकाच माणसाची नोंद आहे.

आजी : असणारच. तुमच्या मंडळानंच मला नको म्हटलं ना! हे किल्ली घेऊन आले आणि म्हणाले, खोली मिळाली, पण नियम एकाचाच आहे, तुला जरा जपून राहावं लागेल. तेव्हापासून दार वाजलं की मी चोरासारखी पळते. मीटर बघणारा आला, पळ. डासांचं औषध मारणारा आला, पळ. एकदा तर चुकीच्या घरचं पार्सल घेऊन आलेल्या माणसाला भिऊन पळाले. शिवणवालीकडे बसून बसून काजंबटणं शिकले. तिचा धंदा वाढला माझ्या पळण्यावर.

तपासणीबाई : थांबा, थांबा. असा नियमच नाही. नवरा-बायकोला आम्ही कशाला तोडू? उलट दोघं असतील तर जरा मोठी खोली मिळते. न्हाणीघर आतच असलेली.

आजी : आत न्हाणीघर?

तपासणीबाई : हो.

आजी : अहो.

आजोबा : हं.

आजी : न्हाणीघर आत असलेली खोली मिळते म्हणतायत. मी बादली घेऊन जिन्याखालच्या रांगेत उभी असते. तीही लपून.

आजोबा : ऐकलं मी.

तपासणीबाई : आजोबा, अर्ज भरताना खिडकीवर नेमकं काय विचारलं होतं तुम्हाला?

आजोबा : काय म्हणजे... नाव, वय. मग तो कारकून, मान खाली घालूनच, मला विचारतो, ‘कुटुंब किती?’

तपासणीबाई : मग?

आजोबा : मग काय, माझं डोकंच फिरलं. विचारायची गोष्ट आहे का ही? मागं रांगेत चार बायाबापड्या उभ्या. मी म्हटलं, ‘कुटुंब एकच! उभ्या जन्मात एकच! दुसरीकडे मान वर करून बघितलेलं नाही.’

आजी : अगं बाई गं!

तपासणीबाई : आजोबा! कुटुंब म्हणजे घरातली माणसं हो! सगळी! तुमच्यासकट!

आजोबा : ते तुमच्या कचेरीत. आमच्या नाटकांत कुटुंब म्हणजे बायको. ‘कुटुंबाची तब्येत बरी नाही’, ‘आमचं कुटुंब माहेरी गेलंय’. चारचौघांत बायको म्हणणं उघडंवाघडं वाटायचं. हजार वेळा विंगेतून सांगितलेली वाक्यं आहेत ही. तेच तोंडात बसलं.

तपासणीबाई : आणि त्यानं एक लिहिलं.

आजोबा : वर म्हणाला, ‘एकच असेल तर लवकर मिळेल, आजोबा.’ मला वाटलं, चला, सरकारदरबारी चारित्र्याला अजून किंमत आहे.

आजी : म्हणजे मंडळानं नाही म्हटलं नव्हतं मला. यांनीच उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि वर्षभर मी मंडळाला शिव्या घालतेय! बाई, तुमच्या साहेबांना मी काय काय म्हटलंय ते तुम्हाला सांगताही येणार नाही.

तपासणीबाई : काही काही आम्हीही म्हणतो.

आजी : अहो, बोला ना. कधी कळलं तुम्हाला हे?

आजोबा : किल्ली घेताना. ‘एकट्या व्यक्तीसाठी’ असं वाचून दाखवलं त्यांनी. तेव्हाच बोललो असतो तर किल्ली परत घेतली असती. आणि तिकडे घरमालक आपल्या दोघांचं सामान जिन्यात काढत होता. तुझी ट्रंक पायरीवर होती. तू तिच्यावर बसून होतीस, मांडीवर घड्याळ घेऊन.

आजी : मग घरी आल्यावर मला तरी खरं सांगायचं!

आजोबा : लाज वाटली गं. आयुष्यभर दुसऱ्यांची अडलेली वाक्यं पुरी केली. मी बोललो म्हणून कितीकांच्या अब्रू वाचल्या. आणि स्वतःचं म्हणून एक वाक्य मोठ्यानं बोललो, तर त्यातून माझी बायकोच गळून पडली.

आजी : नुसतं गळून नाही, वर्षभर शेजारी पडून होते मी. बाई, आता ते एकाचं दोन करून टाका. पेन माझ्याकडे आहे.

तपासणीबाई : असं पेननं होत नाही, आजी. माणूस वाढवायला कारण लागतं. म्हणजे घरात जन्म झाला...

आजी : कुणाचा?

तपासणीबाई : बाळाचा.

आजोबा : आता ते जरा...

आजी : तुम्ही गप्प बसा. दुसरं कारण सांगा, बाई.

तपासणीबाई : दत्तक.

आजी : यांना घेते मी दत्तक. चालेल?

तपासणीबाई : अठराच्या आतला लागतो.

आजी : बुद्धीनं आहेत.

तपासणीबाई : किंवा असं बघा, तुम्ही दोघं वेगळे राहात असाल तर आजींना स्वतंत्र भाडे-मदत मिळू शकते. एकट्या वृद्ध स्त्रीला लवकर मिळते.

आजी : म्हणजे वेगळे झालो तर दोन घरं आणि एकत्र राहिलो तर अर्धं. हे गृहमंडळ आहे की गृहकलह मंडळ?

तपासणीबाई : नियम मी केलेले नाहीत, आजी. मी फक्त जिने चढते. एक मात्र आजच्या आज होण्यासारखं आहे. मदतनीस. एकट्या वृद्ध माणसाची काळजी घ्यायला कुणी राहत असेल तर त्याला परवानगी असते. मी इथंच लिहून टाकते, की आजींना पळायला नको.

आजोबा : झालं तर मग! लिहा, लिहा.

आजी : काय काय करायचं असतं त्या मदतनिसानं?

तपासणीबाई : स्वयंपाक, धुणं, औषधपाणी. रात्री-अपरात्री उठावं लागलं तर उठायचं.

आजी : म्हणजे आहे तेच. पगार?

तपासणीबाई : ज्याची सेवा त्यानं द्यायचा.

आजी : तोही आहे तसाच म्हणायचा. लिहा बाई. मला काही कमीपणा नाही. नावात काय ठेवलंय, पळणं वाचलं म्हणजे झालं.

तपासणीबाई : पण एक सांगून ठेवायला हवं. मदतनीस म्हणजे घरचं माणूस धरत नाहीत. त्याला खोलीवर हक्क नसतो. म्हणजे पुढं कधी... आजोबा नसतील तेव्हा... मदतनिसानं खोली रिकामी करायची.

आजोबा : कधी?

तपासणीबाई : महिन्याभरात.

आजोबा : मग नको.

आजी : असू दे हो. तेव्हाचं तेव्हा बघू.

आजोबा : नको म्हणतो ना! खोडा ते, बाई. तेव्हाचं तेव्हा कोण बघणार? मी तर नसेन. माझी छाती दोनदा दगा देता देता राहिलीय. तिसऱ्यांदा दिला, की पुन्हा हिची ट्रंक पायरीवर आणि ही तिच्यावर बसलेली. मला भीती वाटते त्याची. मरणाची नाही वाटत, त्या पायरीची वाटते. ही खोली गेली तरी चालेल, पण मदतनीस लिहायचं नाही.

आजी : अहो, आवाज किती चढवलात. शेजारी ऐकतील.

आजोबा : ऐकू देत. शेजाऱ्यांना सगळं ठाऊकच आहे, मंडळाला तेवढं नव्हतं.

तपासणीबाई : लग्नाचा दाखला आहे का तुमच्याकडे? तो असेल तर प्रश्नच मिटला. पत्नी म्हणून नाव चढतं आणि हक्क दोघांचा सारखा होतो.

आजी : दाखला कुठला? कंपनीच्या दौऱ्यात झालं आमचं लग्न. दुपारच्या आणि संध्याकाळच्या प्रयोगाच्या मध्ये. पण फोटो आहे. हा बघा, कपाटाच्या दाराला आतून लावलाय.

तपासणीबाई : आजोबा, तुमच्या डोक्यावर मुकुट आहे.

आजोबा : आमच्या राजाचा. म्हणजे राजाचं काम करणाऱ्या नटाचा. मोठ्या मनाचा माणूस, स्वतःच्या हातानं घातला माझ्या डोक्यावर.

तपासणीबाई : मागं भाले घेऊन सैनिक उभे आहेत.

आजोबा : डावीकडचा माझा मामेभाऊ.

तपासणीबाई : आणि तुमच्या दोघांच्या मधोमध हा राक्षस?

आजी : त्यांनीच लग्न लावलं. संध्याकाळच्या प्रयोगात काम होतं त्यांचं, रंग पुसून पुन्हा लावायला वेळ नव्हता. पण उच्चार फार स्पष्ट होते हो.

तपासणीबाई : हा फोटो मी साहेबांपुढे ठेवला तर ते विचारतील, तिकिटं कुठं मिळतात.

आजोबा : लग्न खरं होतं, बाई. त्या फोटोत तेवढंच खरं होतं.

तपासणीबाई : माझा विश्वास आहे हो. माझ्या विश्वासाला तिकडे खिडकी नाही. मग आता एकच उपाय. आमच्याच इमारतीत खाली नोंदणी कार्यालय आहे. तिथं जाऊन लग्न करा.

आजोबा : पुन्हा?

तपासणीबाई : कायद्याच्या दृष्टीनं पहिल्यांदाच.

आजी : म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं मी अजून बिनलग्नाची?

तपासणीबाई : कागदोपत्री तसंच म्हणावं लागेल.

आजी : इतकी वर्षं यांची उष्टी काढली आणि मी बिनलग्नाची! बरं झालं कळलं. मग मला विचारायला पाहिजे.

आजोबा : काय विचारायला पाहिजे?

आजी : लग्न करतेस का म्हणून. मागच्या वेळी माझ्या वडिलांना विचारलंत. त्यांनी कंपनीच्या मालकाला विचारलं, मालकानं राक्षसाला विचारलं. मला कुणीच विचारलं नव्हतं.

आजोबा : बरं. करतेस का?

आजी : हे काय? गॅस बंद करतेस का, तसं?

आजोबा : अगं, बाई बसल्यात समोर.

तपासणीबाई : मी नळ बघते. नळ बघायचाच होता मला.

आजोबा : हं. तर... तू... म्हणजे आपण...

आजी : आज आतून कुणी सांगणार नाही. तुमचं तुम्ही बोला.

आजोबा : मला गोड बोलता येत नाही, ठाऊक आहे तुला. गोड वाक्यं सगळी नायकाची. पण तू शेजारी गेलीस ना, की मला हे घर खायला उठतं. एवढीशी खोली, पण उठतं. मी दाराला कान लावून बसतो. मीटरवाला कधी जातो आणि तू कधी येतेस. हे मी कुणाला बोललो नाही. तू इथंच राहा. नावानिशी राहा. मी असताना आणि मी नसताना पण. करशील का माझ्याशी लग्न?

आजी : ...बरं होतं.

आजोबा : बरं होतं म्हणजे? हो की नाही?

आजी : विचार करून सांगते.

तपासणीबाई : आजी, नळ एकच आहे आणि तो गळत नाही. मी किती वेळ बघू?

आजी : तुम्ही या हो बाहेर. माझी एक अट आहे. यापुढं खिडकीवर मी बोलणार. खोलीही माझ्या नावावर. यांनी कारकुनापुढं फक्त मान हलवायची, तीही मी सांगेन तेव्हा.

तपासणीबाई : चालतं. नव्यानं अर्ज केला की दोघांपैकी कुणीही अर्जदार होऊ शकतं.

आजोबा : मंजूर. सगळं मंजूर. पण बाई, तुम्ही आजचं काय लिहिणार? ही इथं सापडली, हे तर खोटं नाही.

तपासणीबाई : आज? मी अजून आलेलीच नाही. माझ्या यादीत तुमची खोली दुपारी आहे. दुपारी मी दार वाजवीन तेव्हा तुम्ही दोघं तिकडे आमच्या इमारतीत नोंदणीच्या रांगेत उभे असाल. घर बंद असेल. बंद घर पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायचं, हा नियमच आहे. इतक्या वर्षांत मला आवडलेलं तेवढं एकच कलम. निघते मी. आणि आजी, बदकं आत घ्या, खालून दिसतात.

(पुढचा आठवडा. तीच खोली, दार उघडं.)

तपासणीबाई : नमस्कार. गृहमंडळाकडून आले आहे. आपण आधी भेटलेलो नाही.

आजी : छे, कुठं भेटणार? या, बसा. आज तरी चहा घ्या, त्या दिवशी तशाच गेलात.

तपासणीबाई : कुठल्या दिवशी, आजी?

आजी : बघा, यांची संगत. भलत्या वेळी भलतं बोलतात म्हणून यांना बोलते आणि मीच चुकते. हा घ्या दाखला. कोरा करकरीत.

तपासणीबाई : वा. आणि हा फोटो. राक्षस नाही यात?

आजी : नोंदणी कार्यालयातले साहेब आहेत ते. ते तसेच दिसतात. शिवणवाली साक्षीदार होती. ती रडली हो, आमच्या लग्नात. मागच्या वेळी कुणी रडलं नव्हतं, सगळ्यांना पुढच्या प्रयोगाची घाई. मलाही जरा भरून आलं. या वयात हसू व्हायचं म्हणून मी खिडकीबाहेर बघत होते.

आजोबा : मी बघितलं ते.

आजी : तुम्हाला बोलायचं नाही असं ठरलंय.

तपासणीबाई : चला, लिहून घेऊ. अर्जदार कोण?

आजी : मी.

तपासणीबाई : आणि हे?

आजी : हे आमचं कुटुंब.

तपासणीबाई : आजी!

आजी : बरं बरं. पती लिहा. दोन माणसं, नीट मोजून. अहो, मान हलवा.

आजोबा : हलवली.

तपासणीबाई : झालं. इथं सही करा. आणि दोघांची खोली रिकामी झाली की तुमचा नंबर लागेल. न्हाणीघर आत असलेली.

आजी : तोवर जिन्याखाली बादली घेऊन ताठ मानेनं उभी राहीन. कुणी विचारलं कोण, तर सांगेन, अर्जदार.

आजोबा : मला एकदाच बोलू दे. बाई, एवढंच सांगा. उद्या माझं बरंवाईट झालं तर?

तपासणीबाई : तर खोली आजींची. त्यांना इथून कुणीही काढू शकत नाही.

आजोबा : ऐकलंस? कुणीही नाही. आता मला काळजी नाही. खरंच सांगतो, छातीवरचं ओझं उतरलं.

आजी : ऐकलं. उगीच बरंवाईट बोलू नका चहाच्या वेळी. बाई, पण आता विषय निघालाच आहे म्हणून विचारते. मीच आधी गेले तर?

तपासणीबाई : तर आजोबांकडे राहील खोली.

आजी : खोली राहील हो. हे कसे राहतील?